‘मार्स अटॅक्स!’, पिंट्या आणि मी

सुरुवातीलाच कबूल करतो. मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. ‘एकोणसाठ’ म्हणजे फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन, यावर अजूनही मनातल्या मनात दोन सेकंद जातात. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी ‘लेख दे’ म्हटल्यावर मी हसण्यावारी नेलं होतं. पण मध्यंतरी आमच्या रूमवर एक प्रकार घडला, आणि तो इंग्रजीत लिहावासा वाटेना. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवता आला पाहिजे ना! शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

तर मित्रांनो, आपल्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशी तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचा मुलगा पिंट्या (हे घरचं नाव नाही, मी ठेवलेलं) तिसरीत आहे. शनिवारी त्याची सकाळची शाळा सुटली की तो मेसमध्ये येतो आणि मावशींचं काम आटपेपर्यंत हॉस्टेलभर हुंदडतो. कॅरमच्या सोंगट्या पळवणे, कुणाच्या तरी ड्राफ्टरशी तलवारबाजी करणे वगैरे. मग हळूहळू तो आमच्या रूमवर स्थिरावला. कारण एकच, लॅपटॉप.

त्या शनिवारी सबमिशनचा शेवटचा आठवडा चालू होता. मी असाइनमेंट ‘छापत’ बसलो होतो (छापणे म्हणजे काय ते ज्युनियर्सना सांगायला नको), आणि पिंट्या कानाशी ‘दादा, पिक्चर लाव ना’ करत होता. हार्डडिस्क चाळताना ‘मार्स अटॅक्स!’ दिसला आणि मला एकदम भरून आलं. नऊ वर्षांचा असताना मी हा पिक्चर घरी डीव्हीडीवर पाहिला होता. हिरवट चेहऱ्याचे, डोक्यावर काचेचं भांडं घातलेले, मेंदू उघडा टाकून फिरणारे आणि सारखं ‘ॲक ॲक ॲक’ करणारे मंगळवासी! किती हसलो होतो तेव्हा! म्हटलं, पोरगं खूश होईल. लावला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टिम बर्टन या दिग्दर्शकाचा हा सिनेमा १९९६ सालचा. त्याच वर्षी ‘इंडिपेन्डन्स डे’ आला होता. त्यातही परग्रहवासी पृथ्वीवर चाल करून येतात, पण तिथे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतः लढाऊ विमानात बसून त्यांना ठोकायला जातो. ‘मार्स अटॅक्स!’मधला राष्ट्राध्यक्ष (जॅक निकल्सन, आणि तोही डबल रोलमध्ये) मंगळवासीयांपुढे मोठं भाषण ठोकतो, हात मिळवतो आणि तो हातच त्याचा जीव घेतो. मोठमोठे नट घेतलेत आणि एकेकाला टपाटप मारून टाकलंय. शास्त्रज्ञ, जनरल, पत्रकार, कुणाचीच गय नाही. ताजमहाल उडवताना मंगळवासी त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतात, अगदी सहलीला आल्यासारखे!

आता गंमत बघा. या सिनेमाचं मूळ कुठल्या कादंबरीत नाही, लहान मुलांच्या बबलगममध्ये आहे. १९६२ साली अमेरिकेत टॉप्स या कंपनीने बबलगमबरोबर जमवायची ५५ चित्रकार्डं काढली होती, त्यांचं नाव ‘मार्स अटॅक्स’. जळणारी गुरं, माणसांचे सांगाडे, पोराच्या डोळ्यांदेखत त्याचा कुत्रा मारणारा मंगळवासी... असली चित्रं! पालकांनी ओरडा केला आणि कार्डं बंद करावी लागली. म्हणजे ‘हे मुलांना दाखवावं का?’ हा प्रश्न सिनेमाच्या आधी चौतीस वर्षं विचारून झाला होता. मला मात्र त्या शनिवारी तो पडलाच नाही.

पिंट्याला इंग्रजी येत नाही. त्याची काळजी नव्हती, कारण माझा रूममेट अकोल्याचा आहे. त्याने पलंगावर लोळत वऱ्हाडीत डबिंग सुरू केलं. वाळवंटात तबकडी उतरते, मंगळवासी भाषांतराच्या यंत्रातून ‘आम्ही शांततेसाठी आलो आहोत’ असं सांगतात, गर्दीतला एकजण आनंदाने कबुतर सोडतो आणि मंगळवासी ते कबुतरच जाळतात. मग धुमश्चक्री. रूममेट ओरडला, ‘काहून बे मारलं त्यानं कबुतराले?’ पिंट्या हसून हसून गादीवरून खाली पडला. माणसांना किरण लागतो आणि क्षणात लाल नाहीतर हिरवा सांगाडा उरतो. मला वाटलं होतं इथे घाबरेल. छे! ‘दादा, हिरवं हाडूक!’ म्हणून टाळ्या.

एकाच ठिकाणी तो गप्प झाला. मंगळवासी ‘चुकलं, माफ करा’ म्हणतात, माणसं त्यांना संसदेत बोलावतात आणि ते तिथेही सगळ्यांना जाळून टाकतात. पिंट्या म्हणाला, ‘पण त्यांनी सॉरी म्हटलं होतं ना?’ रूममेटने काहीतरी विनोद केला आणि विषय संपला. आम्हाला सगळ्यात जास्त हसू येणारी जागा तीच होती. माफी मागून पुन्हा तेच करणारे लोक आपण पाहिलेले असतात, म्हणून आपण हसतो. आठ वर्षांच्या पोराच्या जगात सॉरी म्हटलं की भांडण मिटतं. हे मला आत्ता लिहिताना कळतंय, तेव्हा नाही.

पुढे रूममेटला घरून फोन आला आणि तो गॅलरीत गेला. पाठोपाठ ग्रुपवर मेसेज, ‘सर केबिनमध्ये आहेत, जर्नल सही करतायत.’ अशी बातमी आल्यावर कोण थांबतं? ‘पिंट्या, बस हां, आलोच,’ म्हणून जर्नल घेऊन पळालो. रांगेत वीसेक मिनिटं गेली. परत आलो तर लॅपटॉप मिटवलेला, पिंट्या गायब. म्हटलं, कंटाळला असेल. सही मिळाल्याच्या आनंदात मी त्याला शोधायलाही गेलो नाही.

सोमवारी आणि मंगळवारी मेसच्या पोळ्या कशा होत्या ते तुम्हाला आठवत असेल. ‘या पोळ्यांवर टेन्साइल टेस्ट घ्या’ असा विनोद मीच केला होता आणि तो बऱ्यापैकी चाललाही होता. बुधवारी मावशी आल्या. मी ताट घेऊन उभा राहिलो तर त्यांनी पोळी वाढता वाढता विचारलं, ‘दादा, त्या शनवारी पोराला काय दाखवलंत तुम्ही?’

झालं होतं ते असं. पिंट्याची आजी त्यांच्याकडेच असते. तिला कानाने फार कमी ऐकू येतं. दिवसभर दाराकडे पाठ करून ती तांदूळ नाहीतर भाजी निवडत बसते, कारण तिकडून उजेड येतो. शनिवारी घरी गेल्यापासून पिंट्या तिला तसं बसू देईना. दाराच्या आणि तिच्या मध्ये स्वतः जाऊन बसायचा. रात्री दोनदा उठून कडी बघितली. सोमवारी शाळेत जायचं नाही म्हणून जमिनीवर लोळला. आजीला एकटं सोडायचं नाही, मागून कुणीतरी येणार, तिला ऐकूच येणार नाही, एवढंच बोलायचा. शेवटी मावशींना दोन दिवस घरी थांबावं लागलं. दोन खाडे पडले.

‘मारहाणीचे पिक्चर टीव्हीवर पण बघतो तो,’ मावशी म्हणाल्या. ‘पण तुम्ही शिकलेली पोरं, म्हणून तुमच्यापाशी सोडला होता.’ आवाज अजिबात चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. दोन दिवसांच्या पैशांचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कुठला सीन ते मला ताटावरच कळलं. पिक्चरमध्ये रिची नावाचा एक साधा मुलगा आहे आणि त्याची आजी वृद्धाश्रमात असते. ती पाठमोरी बसून हेडफोन लावून गाणी ऐकत असते. मंगळवासी आत घुसतात, भलीमोठी बंदूक आणतात आणि हळूहळू तिचं तोंड आजीच्या डोक्याच्या अगदी मागे आणतात. तिला पत्ताच नाही. रिची धावत येतो आणि...

आणि पिंट्याने तिथेच लॅपटॉप मिटवला होता.

पुढच्याच मिनिटात काय होतं ते त्याने बघितलंच नाही. हेडफोनची वायर निघते, स्लिम व्हिटमन या गायकाचं जुनं गाणं खोलीभर घुमतं आणि ते ऐकून मंगळवासीयांचे मेंदू फटाफट फुटतात. अणुबॉम्बला न हरलेले मंगळवासी आजीच्या गाण्याने मरतात! ज्या आजीला सगळ्यांनी वेडगळ ठरवलं होतं तीच जग वाचवते आणि शेवटी नातवाबरोबर दिमाखात उभी राहते. पण पिंट्यापुरती ती आजी शनिवारीच मेली होती.

त्या रात्री मी बाबांना फोन करून विचारलं, ‘आपण हा पिक्चर बघितला तेव्हा मी घाबरलो होतो का हो?’ बाबा हसायला लागले. म्हणाले, ‘घाबरला होतास म्हणजे? अर्धा वेळ माझ्या बनियनमध्ये तोंड खुपसून होतास. दोनदा थांबवून तुला सांगितलं, आजी वाचते.’ मला यातलं काहीही आठवत नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त हसणं राहिलं होतं. बाबा शेजारी बसले होते म्हणून ते हसणं होतं, हे मात्र साफ पुसलं गेलं होतं.

मग मुलांना काय दाखवावं? आमच्या शाळेत वर्षातून एकदा हॉलमध्ये पिक्चर दाखवायचे. नायक-नायिका जरा जवळ आले की सिस्टर प्रोजेक्टरसमोर हात धरायच्या. तलवारीने मुंडकी उडत असताना मात्र हात खाली! आपल्याकडे ‘योग्य-अयोग्य’ बरेचदा असंच ठरतं. सरकारी शिक्क्यांचं म्हणाल तर अमेरिकेत या सिनेमाला ‘पीजी-१३’ आहे, म्हणजे तेराच्या आतल्या मुलांच्या बाबतीत पालकांनी नीट विचार करावा. हा शिक्का तिथे १९८४ साली सुरू झाला, तोही ‘ग्रेमलिन्स’ आणि ‘टेम्पल ऑफ डूम’ पाहून पालक चिडल्यावर. आपल्याकडेही २०२४ पासून ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग केले आहेत. शिक्के हवेतच. तो वाचण्याची तसदी मी घेतली असती तर आठ वर्षांच्या मुलाला हा पिक्चर लावलाच नसता, आणि लावायला नकोच होता. बारा-तेराच्या पुढच्यांना खुशाल दाखवा, त्यांना चेष्टा कळते.

पण वय बघून काम संपत नाही. मला वाटलं होतं सांगाड्यांना घाबरेल, तर तो त्यांना हसला. तो घाबरला ते एका पाठमोऱ्या म्हातारीला, कारण तशी एक त्याच्या घरी आहे. कुणाच्या घरी काय आहे ते सेन्सॉर बोर्डाला माहीत नसतं, शेजारी बसणाऱ्याला कळू शकतं. शेजारी बसायचं काम माझं होतं आणि मी सहीला गेलो होतो.

रविवारी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मावशींच्या घरी गेलो. पिंट्या आधी दाराआड लपला. म्हटलं, ‘तू अर्धाच बघितलास रे, फक्त आजीचं पुढचं दाखवतो.’ मग आला. डोळ्यांवर हात, पण बोटांत फटी! मावशी पोळपाट बाजूला ठेवून बसल्या. आजीला पुढे बसवलं. बंदूक आली तेव्हा त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मग गाणं लागलं आणि पहिला मेंदू फुटून काचेच्या भांड्यात हिरवी चटणी झाली. पिंट्या दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, ‘पुन्हा लाव.’

तीनदा लावलं. आजी विचारत होती, ‘काय झालं? काय झालं रे?’ तर तो तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगत होता, ‘म्हातारी वाचली! गाण्यानं मारलं त्यांना!’ आजीला किती कळलं देव जाणे, पण ‘बरं झालं बाई’ म्हणाली.

पुढच्या शनिवारी तो परत रूमवर आला. दारातूनच विचारलं, ‘दादा, आज शेवटपर्यंत बसणार ना?’

टेबलावर दोन असाइनमेंट बाकी होत्या. त्या मी सोमवारी लेट मार्क घेऊन दिल्या.