एका अभंगापुरतं झाकण

नाताळची सुट्टी लागली की आम्ही भावंडं आईबरोबर औरंगाबादहून खुलताबादच्या एसटीत बसायचो. छावणी मागे पडायची, दौलताबादचा किल्ला दिसू लागायचा आणि खिडकीशी पेरूच्या पाट्या यायच्या. पुढे घाट. म्हैसमाळचा डोंगर तिथून जवळ, हजार मीटरहून उंच. शहरात दुपारी स्वेटर नकोसा व्हायचा, पण घाटावरच्या मामाच्या गावी पहाटे बोलताना तोंडातून वाफ निघायची. ती थंडी आठवली की आजीच्या कोऱ्या चहाचा वास येतो.

साल 1972. मी नऊ वर्षांचा होतो. पावसाने पाठ फिरवली होती आणि मराठवाड्यातली शिवारं उघडी पडली होती. एरवी त्या दिवसांत मामाच्या शेतात हुरड्याची आगटी पेटायची. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, मामा ती तळहातावर चोळायचा, फुंकर मारून फोलपट उडवायचा आणि हिरवे गरम दाणे आमच्या ओंजळीत टाकायचा. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरं. त्या वर्षी ज्वारीच नव्हती, तर आगटी कुठून पेटणार? मामा-मामी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनवर तांबडी मिलो मिळायची, लेकरांना सुकडी. चारा संपला म्हणून गाय गोठ्यातून गेली होती, आणि गाय गेली तसं चहातलं दूधही गेलं.

आजीने चहा मात्र थांबवला नाही. तिची रीत मी चुलीपाशी बसून इतक्या वेळा पाहिली आहे की आजही हात आपोआप तसेच चालतात. आधी खलबत्त्यात सुंठेचा तुकडा, दोन मिरे, एक लवंग आणि कलमीची काडी जाडसर कुटायची. विलायची असलीच तर फक्त साल. दाणे संक्रांतीसाठी राखून ठेवलेले. न्हाणीच्या सांडपाण्यावर तिने गवती चहाचा एक ठोंब जगवला होता. विहिरीने तळ गाठला तरी अंघोळीचं तांब्याभर पाणी त्याला मिळायचंच. त्याची दोन पाती गाठ मारून पातेल्यात पडायची. पाणी खळखळून उकळलं, मसाल्याचा वास घरभर झाला, की पातेलं चुलीवरून खाली यायचं आणि मग त्यात चिमूटभर पत्ती. वर झाकण. आजी डोळे मिटून नाथांचा एक अभंग म्हणायची. पैठण आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे नाथ तिच्या बोलण्यात घरच्या वडीलधाऱ्यासारखे असायचे. अभंग संपेपर्यंत झाकणाला कुणी हात लावायचा नाही.

यामागचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. बाजारात मिळणारी दाणेदार पत्ती सीटीसी पद्धतीची. पानं रुळांमधून चिरडून, फाडून, त्यांच्या गोळ्या वळायच्या, ही रीत 1930 च्या दशकात आसामात रुजली. अशा पत्तीचा रंग आणि कडवटपणा झटकन उतरतो. दुधातली प्रथिनं तो तुरटपणा धरून ठेवतात, म्हणून दुधाचा चहा कितीही उकळला तरी चालतो. कोऱ्याला ते कवच नसतं. जरा जास्त उकळला की घसा धरतो. आजीला प्रथिनं ठाऊक नव्हती, पण एका अभंगाचं माप तिने अचूक पकडलं होतं. गूळही ती पातेल्यात टाकत नसे. हरभऱ्याएवढा खडा प्रत्येकाच्या हातावर ठेवायची. तो दाढेखाली धरायचा आणि वरून चहाचा घोट घ्यायचा. अशाने गूळ कमी लागायचा आणि गोडी मात्र शेवटच्या घोटापर्यंत पुरायची.

एकदा शाळेचे गुरुजी घरी आले. आजीने पदर सावरला, खाली बघून म्हणाली, “गुरुजी, दूध नाही. कोराच हाय, घोटभर घ्या.” गुरुजींनी बशीत ओतून चवीने घेतला, आणखी मागितला. तरी आजीचा चेहरा उतरलेलाच राहिला. पाहुण्यापुढे कोरा चहा ठेवणं म्हणजे घरातली नड उघडी करणं, हे मला त्या दिवशी समजलं आणि खूप लागलं.

सुट्टी संपवून शहरात परतलो. थोड्याच दिवसांत शहागंजात वडिलांच्या स्नेह्यांकडे लग्न होतं. 1948 पर्यंत आमचं शहर हैदराबाद संस्थानात होतं, आणि ते दख्खनी वळण इथल्या बोलीत अन् ताटात अजून आहे. नान-खलियाचं जेवण झालं. मग काचेच्या लहान पेल्यांतून लालसर, पारदर्शक चहा आला. लवंग-विलायचीचा वास, वर लिंबाचे दोन थेंब. “सुलेमानी है बेटा, आराम से पियो,” म्हणत यजमानांनी स्वतः माझ्या हातात पेला दिला. मी चकित झालो. हा तर आजीचाच चहा! इथे तो मानाने, सगळ्यांत शेवटी, खास म्हणून येत होता.

पुढच्या खेपेला मी धावत जाऊन आजीला हे सांगितलं. ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हंजे आपला च्या कमी नव्हता तर.” त्यानंतर तिने कुणापुढेही कोरा चहा ठेवताना मान खाली घातलेली मी पाहिली नाही. पुढे गोठ्यात पुन्हा गाय आली, तरी नाताळच्या सुट्टीत आम्ही आलो की पहाटेचा पहिला चहा कोराच व्हायचा.

आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे. 1970 साली सुरू झालेल्या दुग्धक्रांतीने देशात दुधाचा पूर आणला आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला. पिशवीतलं दूध कोपऱ्यावरच्या दुकानात रात्रीही मिळतं. दूध नाही म्हणून कोरा, अशी वेळ माझ्या मुलांवर कधी आली नाही, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. कॅनॉटच्या बागेभोवती संध्याकाळी तरुण पोरं कोरा चहा हौसेने मागवतात: कुणी लिंबाचा, कुणी मसाल्याचा, कुणी बिनसाखरेचा. दौलताबाद-खुलताबादच्या रस्त्यावर डिसेंबरात हुरडा पार्टीचे फलक लागतात. माणशी पैसे भरले की आगटी, झोका, बैलगाडी सगळं तयार. शहरात वाढलेल्या लेकरांना त्यामुळे गरम हुरड्याची चव तरी कळते.

पण त्या सगळ्या पेल्यांत मला आजीचं झाकण सापडत नाही. चहा क्षणात येतो. पुडीतला मसाला वरून भुरभुरलेला असतो, पाण्यात उतरलेला नसतो. आजीकडे वस्तू कमी होत्या, म्हणून प्रत्येक वस्तूला ती तिचा पुरता वेळ द्यायची. दोन मिऱ्यांतून सगळा तिखटपणा काढायचा तर थांबावंच लागतं. आम्ही सातआठ जण चुलीभोवती गुडघे पोटाशी घेऊन त्या झाकणाकडे बघत थांबायचो. नड विसरायला लावणारी ती दोन-तीन मिनिटं चहाइतकीच ऊबदार होती.

यंदाच्या नाताळात नात पुण्याहून आली. पहाटे गारठा होता. ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “आजोबा, तुमच्या आजीचा चहा करा ना.” सुंठ कुटली, कुंडीतला गवती चहा तोडला, पाणी उकळून खाली उतरवलं, पत्ती टाकली, झाकण ठेवलं. तिने मोबाइल हातात घेतला.

“किती मिनिटं लावू?”

“मिनिटं नको लावू,” मी म्हणालो, “एक अभंग.” आणि डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली. मध्येच डोळे किलकिले करून पाहिलं. मोबाइल ओट्यावर पालथा पडला होता आणि ती गुडघे पोटाशी घेऊन झाकणाकडे बघत होती.