दुसरा डाव

वेलेन नावाचा एक मुलूख आहे. ॲटलास काढून शोधण्याचे कष्ट घेऊ नयेत, सापडणार नाही. चोहीकडे दलदल, गुडघाभर चिखल, कुडाच्या भिंतींची घरे, आणि एका माळावर एक प्रचंड झाड, ज्याला फाशी दिलेली माणसे लटकत असतात. दोन राजांच्या लढाईत हा प्रदेश मधल्या मधे सापडला आहे. एकाचे सैन्य हटले, दुसऱ्याचे आले. राजा बदलला म्हणजे नेमके काय बदलले, तर धान्य न्यायला येणाऱ्यांचे गणवेश. आपल्यासारख्या सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाला हा मुलूख पाहताक्षणी ओळखीचा वाटला, तर त्यात नवल नाही. आपल्याकडे तसली झाडे नाहीत, आपल्याकडे फक्त पाट्या बदलतात, हे देवाचे उपकारच.

हा मुलूख आहे संगणकावरच्या एका खेळातला. 'द विचर ३ : वाइल्ड हंट' हे त्याचे नाव. २०१५ सालच्या मे महिन्यात तो बाहेर पडला. केला पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या 'सीडी प्रोजेक्ट रेड' या मंडळींनी, आणि मूळ कथा पोलिश लेखक आंद्जेय सापकोव्स्की यांच्या. नायक गेराल्ट हा पैसे घेऊन भुते-राक्षस मारणारा, पांढऱ्या केसांचा, कमी बोलणारा भटक्या. सिरी ही त्याची मानलेली मुलगी हरवली आहे आणि तो तिला शोधतो आहे. एवढेच कथासूत्र. पण हा खेळ 'ओपन वर्ल्ड' जातीचा, म्हणजे मोकळ्या मुलखाचा. रस्ता सोडून कुठेही जावे, कुणाशीही बोलावे, अडलेल्याचे काम अंगावर घ्यावे. अशा कामगिरीला खेळणारी मुले 'क्वेस्ट' म्हणतात.

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाली आणि आमची धाकटी पुण्याहून नोकरी लॅपटॉपसकट घरी घेऊन आली. रात्री जेवणे झाली की ती हा खेळ मांडायची. मी शेजारी खुर्ची ओढून बसायचो. हातात कंट्रोलर धरण्याइतकी माझी बोटे चपळ नाहीत. पण संवादाच्या जागी पडद्यावर दोन-तीन उत्तरे येतात आणि त्यांतले एक निवडायचे असते. तिथे ती थांबायची आणि म्हणायची, "बाबा, तुम्ही सांगा." अशा रीतीने जवळजवळ चार महिने मी वेलेनमध्ये होतो. तो पुरा झाल्यावर तिने तोच खेळ पहिल्यापासून पुन्हा मांडला. जे एकदा संपले ते पुन्हा कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

आधी कामगिरीच्या खोलीविषयी. सुरुवातीच्याच एका गावात एक म्हातारी भेटते. तिने एका परक्याला स्वैपाकाचा तवा वापरायला दिला आणि तो दार लावून गेला. तेवढा तवा आणून द्यायचा. दार फोडून आत जावे तर घरात एक प्रेत, काही जळके कागद, आणि तवा लख्ख घासलेला. गेराल्ट हुंगतो, बघतो, आणि अंदाज बांधतो की तव्याची काजळी खरवडून कुणीतरी शाई केली आणि पत्र लिहिले. म्हणजे कुणी हेर इथे राहून गेला. म्हातारीला यातले काही कळत नाही; तिला तवा मिळतो. (आमच्याकडची आजी असती तर बिडाचा मुरलेला तवा असा खरवडलेला पाहून तिने त्या हेराचे सात पिढ्यांचे नाव काढले असते.) पाच-सात मिनिटांचे काम, पण एका तव्यामागे केवढी लढाई उभी आहे ते दिसून जाते.

याच्या उलट प्रकारही आहे. मोठेपणाचाच हिशेब मांडायचा तर १९९६ साली अमेरिकेत निघालेल्या 'डॅगरफॉल' या खेळाचे नाव घ्यावे लागेल. त्यात गावे, शहरे, देवळे, भुयारे मिळून पंधरा हजारांवर ठिकाणे होती. ती माणसाने एकेक करून रचलेली नव्हती. बहुतेक सारी यंत्राने नियमांवरून जुळवून काढली होती. त्याच घराण्यातला 'स्कायरिम' २०११ च्या नोव्हेंबरात आला. अमक्या गुहेत जा, तमक्या दरोडेखोराला मार, बक्षीस घे, अशी कामे त्यात यंत्र आपोआप जुळवून देते आणि ती कधीच संपत नाहीत. माझा पुतण्या तो वर्षानुवर्षे खेळतो. एकदा जादूगार होऊन, एकदा चोर होऊन. त्याचा आनंद मी नाकारत नाही. नवा वेष चढवून त्याच जत्रेत हिंडण्यात गंमत असतेच. पण न संपणारे असणे निराळे आणि पुन्हा खेळावेसे वाटणे निराळे. गणिताच्या गाइडात हजार उदाहरणे असतात, म्हणून ते गाइड कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही.

खोली म्हणजे काय हे मला कळले ते वेलेनमधल्या सरदाराच्या प्रकरणात. फिलिप स्ट्रेंजर हे त्याचे नाव. लोक त्याला 'रक्तरंजित बॅरन' म्हणतात. त्याची बायको आना आणि मुलगी तमारा नाहीशा झाल्या आहेत; त्या शोधून दिल्या तर तो सिरीची हकिकत सांगणार. आपण शोधाला लागतो आणि एकेक पदर सुटत जातो. बॅरन दारुडा आहे. तो बायकोला मारत असे. त्या मारहाणीत तिचा गर्भ गेला, आणि त्याने तो कसलेही संस्कार न करता पुरला. ते अर्भक आता पिशाच होऊन हिंडते आहे. त्याला मारून टाकता येते. किंवा बॅरनला ते हातांवर घेऊन घरापर्यंत चालायला लावता येते, त्याला नाव द्यायला लावता येते आणि उंबरठ्याखाली पुरता येते. म्हणजे मग ते घराचे रक्षण करते. आम्ही नाव द्यायला लावले. तो आडदांड, चिडखोर माणूस भर पावसात ते कुरूप मूल छातीशी धरून चालत होता, आणि आमच्या घरात कुणी बोलत नव्हते. सौ. दारातून पाहत होती; ती म्हणाली, "आता रडून काय उपयोग!" तिचे बरोबर होते. तरी मला त्या माणसाची कीव येत होती. या खेळाची करामत ही, की तो माणूस क्षम्य आहे असे तो कुठेही म्हणत नाही आणि त्याचा द्वेषही पुरता करू देत नाही.

पुढे दलदलीत काही अनाथ पोरे भेटतात. त्यांना सांभाळणारी म्हातारी आजी हीच बेपत्ता झालेली आना. तिथल्या तीन चेटकिणींच्या ताब्यात ती आहे आणि त्या पोरांना खाणाऱ्या. जवळच्या टेकडीवर एका झाडाखाली एक आत्मा कोंडलेला आहे. तो म्हणतो, मला सोडवा, मी पोरांना वाचवतो. चेटकिणींची आज्ञा आहे की त्याला ठार करा. आत्मा खरा की लबाड, कुणी सांगत नाही. धाकटीने खेळ थांबवला आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "सोड त्याला. पोरांचा प्रश्न आहे." ज्याने एकतीस वर्षे वर्गावर काढली त्याच्याकडून दुसरे उत्तर येणेही नव्हते.

पोरे वाचली. पण सुटलेल्या आत्म्याने शेजारच्या गावात कत्तल केली. चेटकिणींनी सूड म्हणून आनाला शाप दिला. ती शापमुक्त झाली ती नवऱ्याचा निरोप घेऊन मरण्यापुरतीच. आणि आम्ही किल्ल्यावर परतलो तेव्हा बॅरन अंगणातल्या झाडाला लटकत होता.

यात आणखी एक मेख आहे. निर्णय आणि त्याचे फळ यांच्यात खेळाचे कित्येक तास जातात. पानावरचे उत्तर खोडून दुसरे लिहावे तसे लगेच मागे फिरता येत नाही. फिरायचे तर मधले सगळे पुसावे लागते. त्यामुळे माणूस सुस्कारा टाकतो आणि पुढे चालू लागतो.

दुसऱ्या डावात तिने आत्म्याला मारले. आना जिवंत राहिली, पण वेडी. बॅरन तिला घेऊन दूर डोंगरात कुणा वैद्याकडे निघाला; त्याच्या चालण्यात प्रथमच माणूसपण होते. आणि दलदलीतली झोपडी रिकामी होती. पोरे नव्हती. धाकटी म्हणाली, "बाबा, गाव वाचलं, दोन माणसं वाचली, पोरं चार-पाचच. हिशेबानं हेच बरं." मी त्या रात्री तिच्याशी भांडलो, हे लिहायला हरकत नाही. मला आजही पहिलाच निर्णय मान्य आहे. पण भांडताना लक्षात आले की आम्ही दोघे दोन निरनिराळ्या गोष्टींवर बोलत होतो. पहिल्या डावात निर्णय होता, कारण पुढचे अंधारात होते. दुसऱ्या डावात पुढचे ठाऊक होते. तिथे निवड उरली नव्हती, वजाबाकी उरली होती.

मग दुसऱ्या डावाचे मोल काय? 'सौभद्र' माझ्या आजोबांनी पंधरा-वीस वेळा पाहिले असेल. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, त्याचा अभिमान वेगळा. सुभद्रा शेवटी अर्जुनालाच मिळते हे त्यांना पहिल्या प्रयोगाआधीपासून ठाऊक होते. शेवट ठाऊक असल्यामुळेच मधल्या जागा दिसतात. बॅरन पहिल्या भेटीत बायकोविषयी बोलताना किती ठिकाणी अडखळतो ते मला दुसऱ्यांदा दिसले. पहिल्यांदा मी तिकडे नशेचा अडखळा म्हणून पाहिले होते. इथवर नाटक आणि हा खेळ सारखेच. पुढचे मात्र नाटक देत नाही. आपण ज्या वाटेने गेलो नाही त्या वाटेवर कोण काय भोगत होते, ते हा खेळ दाखवतो.

खेळाचा शेवटही असाच. करणाऱ्यांनी ३६ तऱ्हांचे शेवट आहेत असे सांगितले होते. ("छत्तीसचा आकडा!" धाकटीची आई.) त्यांतला मुख्य प्रश्न एकच: सिरीचे काय होते? आणि ते मोठ्या लढाईवर ठरत नाही. अशा चार-पाच बारीक जागा आहेत, आणि त्या महत्त्वाच्या आहेत असे पडद्यावर कुठेही लिहून येत नाही. पोर खचून बसली आहे, तेव्हा 'सगळ्यांना सगळे जमत नाही' म्हणून तिच्यासोबत प्यायला बसायचे, की बाहेर नेऊन बर्फाचे गोळे फेकत तिच्याशी खेळायचे? वडीलधाऱ्या बायकांच्या बैठकीत तिने एकटीने जाऊन बोलायचे, की आपण सोबत घुसायचे? तिला कुणाच्या थडग्यापाशी जाऊन यायचे आहे, तर वेळ नाही म्हणायचे का? तिथे वारंवार तिच्यावर अविश्वास दाखवला, तर शेवटी ती परत येत नाही. म्हाताऱ्या बापाला उरते ती रिकामी खोली.

दरवर्षी जूनमध्ये माझ्या खोलीत पालक येऊन बसतात. मराठीत घालू, कन्नडात घालू, की इंग्रजीत? "सर, तुम्हीच सांगा, तुम्ही म्हटल्यासारखं करतो." इकडचा अधिकारी कन्नडात बोलतो, घरात आजी मराठीत, नोकरीची जाहिरात इंग्रजीत. फळ दिसायला दहा वर्षे जातात. मी मला वाटते ते सांगतो. नाही म्हणत नाही. पण अलीकडे मला एक दिसते. आपल्या भागातली कितीतरी घरे हा डाव खरोखरच दोनदा खेळतात. थोरल्याला कन्नड माध्यमात घातले, त्याला आजीची पोथी वाचता येईना; म्हणून धाकटीला मराठीत. किंवा थोरली मराठीत शिकली, तिला कचेरीत अर्ज लिहिताना दुसऱ्याचे तोंड बघावे लागले. म्हणून धाकट्याला इंग्रजीत. जेवायला बसल्यावर दोन्ही डाव एकाच पंगतीत बसलेले असतात आणि एकमेकांच्या ताटाकडे बघतात. संगणकावर पहिला डाव पुसता येतो. इथे थोरला तसाच राहतो, आणि धाकट्याला काय मिळाले ते रोज पाहतो.

आमची धाकटी माझ्याच शाळेत, मराठीत शिकली. पुढे पीयूसीला एकदम इंग्रजीतून विज्ञान. पहिल्याच चाचणीत भौतिकशास्त्रात ती नापास झाली. हे सारे मी विसरलो होतो. दुसऱ्या डावात बर्फाच्या गोळ्यांची ती जागा आली तेव्हा तिने मला काही विचारले नाही, सरळ गोळे फेकायला घेतले. मी म्हटले, "या खेपेला तरी दुसरं करून बघायचं होतंस." ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मी नापास झाले तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी मला गाडीवर बसवून गोकाकचा धबधबा दाखवायला नेलंत. वाटेत वडापाव खाल्ला आपण. म्हणून मग मी सायन्स सोडलं नाही."

मला आठवते ते असे, की त्या दिवशी गोकाकला माझे एका जमिनीच्या उताऱ्याचे काम होते, आणि घरात कुणी नसल्यामुळे पोरीला एकटी ठेवायला नको म्हणून सोबत घेतले. काम लवकर उरकले. धबधबा जवळच होता. पाऊसकाळ, पाणी भरपूर.

हे मी तिला सांगितलेले नाही. हा अंक घरी आला की ती वाचेलच.