शिफारसपत्र देण्याआधी

बारावीचा निकाल लागला की धर्मग्रामाच्या कचेरीत आईबापांची वर्दळ सुरू होते. कुणास बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणास शिफारसपत्र. त्यांतील पुष्कळ पत्रे परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलींसाठी असतात आणि ती लिहिताना आम्हांस आनंदच होतो. ख्रिस्ती समाजाचे व परिचर्येचे नाते जुने आहे. वेल्लोर येथे डॉ. आयडा स्कडर यांनी १९०९ मध्ये परिचारिकांची शाळा काढली आणि देशातील पहिल्या पदवी अभ्यासक्रमांपैकी एक १९४६ मध्ये तेथेच सुरू झाला. धर्मभगिनींना प्रसूतीच्या कामाची मोकळीक रोमने दिली ती १९३६ साली. त्यामागे रावळपिंडीच्या इस्पितळात राबलेल्या डॉ. ॲना डेंगेल यांची चिकाटी होती. एवढी परंपरा पाठीशी असल्यामुळेच की काय, मुलगी नर्सिंगला जाते म्हटल्यावर आपल्याकडे कुणी फारसे प्रश्न विचारीत नाही. सेवेचे क्षेत्र म्हटले की सारे पवित्रच असणार, असा एक भाबडा समज आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी परराज्यातील एका संस्थेत गेली. दलाल घरी आला होता. आईचे दागिने गहाण पडले, पतपेढीचे कर्जही काढले. तीन वर्षांनी मुलगी प्रमाणपत्र घेऊन परतली आणि नोंदणीसाठी गेली, तेव्हा कळले की तिच्या तुकडीच्या वर्षी त्या संस्थेस त्या अभ्यासक्रमाची मान्यताच नव्हती. नोंदणी झाली नाही. नोंदणीवाचून परिचारिका म्हणून नोकरी नाही. आज ती एका लहान नर्सिंग होममध्ये मदतनीस म्हणून काम करते आणि तिच्या हाताला जो गुण आहे तो पाहून तेथील डॉक्टरही हळहळतात. तिची आई आम्हांला म्हणाली, "फादर, मान्यतेचा कागद भिंतीवर काचेत लावलेला होता हो. आम्ही डोळ्यांनी पाहिला."

कागद खोटा नव्हता. पण मान्यता ही देवळाच्या कोनशिलेसारखी एकदा बसवली की कायमची, अशी नसते. ती विशिष्ट अभ्यासक्रमास, विशिष्ट वर्षासाठी आणि ठरावीक जागांपुरती असते. भिंतीवरचा कागद दोन वर्षांच्या ए.एन.एम.चा असू शकतो आणि प्रवेश मात्र चार वर्षांच्या बी.एस्सी.ला दिला जातो. चाळीस जागांची परवानगी असते आणि वर्गात साठ मुली बसतात. त्या वीसजणींचे पुढे काय होणार, हे प्रवेशाच्या दिवशी कोण सांगणार? म्हणून पालकांनी अभ्यासक्रमाचे नाव, वर्ष आणि जागा या तिन्ही गोष्टी कागदावर स्वतः वाचाव्यात. राज्य शासनाची परवानगी आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता तर हवीच. त्यापुढे परीक्षा कोण घेणार तेही विचारावे. महाराष्ट्रात पदवी असेल तर नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, तीन वर्षांचे जी.एन.एम. असेल तर शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. संस्था "आमची स्वतःची परीक्षा असते" असे सांगू लागली, की उठून घरी यावे. इंडियन नर्सिंग कौन्सिल १९४७ च्या कायद्याने आली; तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आहे. पाटीवरचे नाव बदलले, तरी विचारायचे प्रश्न तेच राहतील.

सहा महिन्यांचे मदतनिसाचे वर्गही निघतात. त्यांना आमचा विरोध नाही. वृद्धांच्या उशाशी रात्र काढणारी मुलगी मोठेच काम करते. विरोध आहे तो तिला 'नर्स' म्हणून फसविण्याला.

मान्यता पाहून झाली की खाटा मोजाव्यात. नर्सिंगच्या शाळेस स्वतःचे शंभर खाटांचे इस्पितळ असावे, असा कौन्सिलचा दंडक आहे. पण खाटा असणे वेगळे आणि खाटांवर रुग्ण असणे वेगळे. रुग्ण नसतील तर मुलगी सलाईन लावायला शिकणार ती बाहुलीवर. उलट काही ठिकाणी रुग्ण भरपूर आणि पगारी परिचारिका मोजक्या. तेथे विद्यार्थिनींकडून रात्रपाळ्या करून घेतल्या जातात आणि त्यास 'प्रात्यक्षिक' म्हटले जाते. ज्या शाळेत मुलगी फी भरून दुसऱ्याच्या पगाराची बचत करते, त्या शाळेच्या फाटकावर कोणत्याही संताचे नाव असो, तिला आम्ही शाळा म्हणणार नाही.

नोकरीविषयी बोलताना आपली माणसे संकोचतात. सेवा करायची आणि पगार विचारायचा, हे त्यांना विसंगत वाटते. पण कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, हे आमचे शुभवर्तमान सांगते आणि तेराव्या लिओ पोपमहाशयांनी १८९१ च्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला तो काही केवळ गिरणीकामगारांसाठी नव्हे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने खासगी इस्पितळांसाठी शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही परिचारिकेस वीस हजारांहून कमी वेतन असू नये, आणि दोनशेहून अधिक खाटांच्या ठिकाणी ते सरकारी परिचारिकेइतके असावे. शिफारस ती शिफारसच. किती ठिकाणी पाळली जाते, ते आपल्याच गावातील मुलींना विचारावे. शिक्षणानंतर तेथेच काही वर्षे राबण्याचा करार आहे काय, मूळ प्रमाणपत्रे संस्था अडकवून ठेवते काय, हेही प्रवेशाआधीच विचारलेले बरे.

सरकारी नोकरीचे म्हणाल तर, एम्सच्या परीक्षेस पदवीधर मुलगी थेट बसू शकते, जी.एन.एम. झालेल्या मुलीस मात्र किमान पन्नास खाटांच्या इस्पितळातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे शिकल्यानंतरची पहिली नोकरी दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये धरली, तर ती दोन वर्षे त्या हिशेबात धरली जात नाहीत.

आखाताचे स्वप्न आपल्या घराघरांत आहे. तेथे परवान्याची परीक्षा असते, कागदपत्रांची मुळापर्यंत तपासणी होते. इंग्लंडात इंग्रजीची आणि कौशल्याची परीक्षा, अमेरिकेत आणखी वेगळी. यांपैकी कुठेही 'ओळख' चालत नाही. २०१५ पासून आखातासह अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांना सरकारी परवानगी घ्यावी लागते, कारण त्याआधी खासगी भरतीवाल्यांनी मुलींकडून लाखो रुपये उकळले होते. जो दलाल प्रवेशाबरोबरच दुबईचेही आश्वासन देतो, तो चार वर्षांनंतरची गोष्ट आज विकत असतो.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दाखला आम्ही दरवर्षी वाचतो. सेमिनरीत आम्हांला सुज्ञता हा सद्गुण शिकविला, तेव्हा संत थॉमस अक्वायनस यांनी तिला नैतिक सद्गुणांत अग्रस्थान का दिले, हे पाठ होते; अर्थ कळू लागला तो कचेरीतील या खुर्चीत बसल्यावर. भल्या शोमरोन्याने जखमा तर बांधल्याच, पण उतारशाळेच्या मालकास दोन दिनार मोजून दिले आणि राहिलेला हिशेब परतीच्या वाटेवर चुकविण्याचे ठरविले. पैशाचा विचार करून त्याची करुणा काही उणी झाली नाही.

आताशा आम्ही शिफारसपत्र मागणाऱ्या पालकांना एवढेच सांगतो : आधी शाळा पाहून या. सकाळी जाऊ नका, त्या वेळी प्राचार्य स्वतः फिरवून दाखवितात. संध्याकाळी पाळी बदलते त्या सुमारास जा, इस्पितळाच्या फाटकाजवळ थांबा, आणि बाहेर पडणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा, गेल्या वर्षी शिकून गेलेल्या मुली आज कुठे आहेत.