दादा, शेवटचा आकडा सांग ना!

दिवाळीच्या सुट्टीत गव्हाणला घरी गेलो होतो. सोबत सबमिशनची फाईल होती, जी अर्थातच उघडली नाही! ओटीवर सहावीतला चुलतभाऊ वही घेऊन बसला होता. म्हणाला, "दादा, तू इंजिनिअर होणार ना? मग नऊ वेळा एक लिही आणि त्याला त्यानेच गुण."

हात्तिच्या! लगेच कॅल्सी काढला. १११११११११ चा वर्ग. उत्तर आलं १.२३४५६७८९९ गुणिले १० चा सोळावा घात.

"हे काय? शेवटचा आकडा सांग ना!"

आता इज्जतीचा सवाल होता. कॉम्प्युटरवर सी-मध्ये चार ओळींचा प्रोग्राम लिहिला, व्हेरिएबल डबल घेतला. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२०. मी खूष! पण पठ्ठ्या म्हणतो, "शेवटी शून्य कसं? एक गुणिले एक एकच ना?"

माझी बोलती बंद. डबलमध्ये २ च्या ५३ व्या घातापर्यंतचे, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे सगळे पूर्णांक नेमके मावतात. त्यापुढच्या टप्प्यात फक्त सम संख्या. आपली विषम, म्हणून मशीनने तिला गुपचूप शेजारच्या घरात बसवलं. गंमत म्हणजे हे मी परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते!

मग दोघांनी हाताने गुणाकार मांडला. एकाच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा १, २, ३ करत ९ पर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. हातचा कुठेच नाही. १२३४५६७८९८७६५४३२१! दहा वेळा एक घेतला की मधल्या रकान्याची बेरीज १० होते, हातचा येतो आणि शिडी मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

आमच्या संख्येच्या सतरा अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भागही जातो. अशा संख्यांना 'हर्षद' हे नाव द. रा. कापरेकरांनी दिलं. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवणारे मास्तर. ही शिडीवाली संख्या त्यांच्याच 'डेम्लो' संख्यांपैकी. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली! कल्पना त्या स्टेशनवर सुचली म्हणून हे नाव. त्याच फलाटावर लोकल चुकली की मला फक्त शिव्या सुचतात.

कापरेकरांचं काम पुष्कळ गणितज्ञांना किरकोळ वाटलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे जगभर नाव झालं. तोवर मास्तर आपल्या आनंदासाठी आकडे मांडतच होते.

मित्रांनो, उत्तर काढायला मी इथे शिकलो. पण ते बरोबर आहे का, हे विचारायला सहावीतलं पोर लागलं. उद्या आपल्या पुलांची, मशीनची गणितंही कॉम्प्युटरच करणार. तेव्हा निदान शेवटचा आकडा तरी बघू या.

आणि हो, सबमिशनची फाईल अजून तशीच आहे!