चौकटीत न मावणारी गोष्ट

लग्नघरात कामांची यादी कितीही नेटकी केली, तरी आजीचे दुपारचे औषध कुणाच्या पिशवीत आहे, हे त्या यादीत सापडत नाही. संगणकाची कामे आखणाऱ्यांचेही असेच होते. फरक इतकाच, की तिथे यादीतून सुटलेल्या गोष्टीवर कधीकधी माणसांचे प्राण अवलंबून असतात.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने आपले काम संगणकावर सोपवले. कागदावर सारे सोपे होते. दूरध्वनी येईल, पत्ता नोंदला जाईल, जवळची मोकळी गाडी संगणक निवडेल आणि ती निघेल. एकापुढे एक चार चौकटी, मध्ये बाण.

प्रत्यक्षात कर्मचारी कधी नेमलेली गाडी सोडून दुसरीच घेऊन निघत. घाईत बटणे चुकीच्या क्रमाने दाबली जात. कोणती गाडी कुठे आहे, हे संगणकाला कळेना. एका पत्त्यावर दोन गाड्या पोहोचत, तर दुसरीकडे रुग्ण ताटकळत राही. दुसऱ्याच दिवशी काही काम पुन्हा हातांनी सुरू करावे लागले आणि ४ नोव्हेंबरच्या पहाटे संगणक थांबल्यावर सारेच कागदावर आले. अनेक कारणे निघाली. त्यांत एक हे, की गाडीवरच्या माणसांना आखणीत पुरेसे सामील करून घेतले नव्हते.

त्याच दशकात अमेरिकेत केंट बेक यांनी क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकांचे काम करताना एक साधी रीत वापरली. वापरणाऱ्याची गरज त्याच्याच बोलीत छोट्या कार्डावर लिहायची. हीच 'यूजर स्टोरी'. पुढे तिला ठरावीक रूप आले: मी कोण, मला काय हवे, कशासाठी हवे. रुग्णवाहिकेच्या चालकाचे कार्ड असे असू शकले असते: 'मी चालक. दुसरी गाडी नेली तर ते मला एका बटणाने कळवता यावे, म्हणजे पुढच्या रुग्णासाठी चुकीची गाडी निवडली जाणार नाही.'

मात्र नुसती कार्डे म्हणजे सुटे मणी. कोणाचे काम कोणासाठी अडते, हे चौकटींच्या आराखड्यातच दिसते. म्हणून दोन्ही शेजारी मांडावीत. ज्या चौकटीला कुणाचेच कार्ड नाही, तिथे उभ्या असलेल्या माणसाला अजून कुणी विचारलेले नाही. ज्या कार्डाला चौकट नाही, ती वाट आराखड्यातून सुटली आहे.

लंडनमध्ये १९९६ साली नवी व्यवस्था आली, ती टप्प्याटप्प्याने आणि कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन. ती टिकली.

बँकेत, इस्पितळात किंवा कचेरीत नवी व्यवस्था येताना कुणी आपल्याला विचारले, तर 'सगळे ठीक आहे' म्हणून वेळ मारून नेऊ नये. रोज काय होते ते सांगावेच, पण एखाद्या दिवशी काय अडते, तेही आठवून सांगावे.