धारेचं पंचांग

महाडच्या बाजारात धार लावायचा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. खिळे, बिजागऱ्या, पत्र्याचे हूक यांच्या पंगतीत एखाद्या खोक्यात तो पडलेला असतो. वीतभर लांब, राखी-काळा, एका अंगाला खरबरीत, दुसऱ्या अंगाला जरा मऊ. भांड्यांच्या दुकानात मात्र तो नसतो. तिथं विळ्या असतात, खवणीच्या आणि बिनखवणीच्या, पाटाच्या आणि घडीच्या. रंगीत मुठींच्या सुऱ्यांचे संच असतात. हे सगळं एक दिवस बोथट होणार, हे त्या दुकानाला मान्य नसावं. दगड मागितला की दुकानदार समोरच्या हार्डवेअरकडे बोट दाखवतो, आणि तिथला माणूस विचारतो, "कोयतीला पायजे का?" विळीला हवा म्हटलं की तो जरासा निराश होतो.

या मुलखात धारेचा विषय काढला की माणसं लगेच तलवारीवर येतात. साहजिक आहे. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ तानाजी मालुसऱ्यांचं, इकडे रायगड, तिकडे आंबेनळी घाट चढला की प्रतापगड. पण तलवारीबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. रोज सकाळी जिला धार लागायची ती कोयती, कापणीच्या दिवसांत विळा, आणि सगळ्यांच्या शेवटी, कोणाला आठवण झालीच तर, विळी. धारेतही पंगती होत्या.

कोयती पुरुषाची. कमरेच्या आकडीत अडकवलेली. रानात निघण्याआधी पायरीवर पाण्याचा हबका मारायचा, दोन्ही अंगांनी ती पाजवायची, अंगठा आडवा फिरवून बघायचा आणि चालू पडायचं. थंडीत कवळ तोडायची असे तेव्हा हे फार मनावर घेतलं जाई. ऐन-किंजळीच्या डहाळ्या तोडून, भारे बांधून शेतावर आणायच्या. वाळल्या की शेण, पाला, गवत यांच्या थरांत रचून उन्हाळ्यात राब भाजायचा. त्या भाजलेल्या जमिनीत पावसाच्या तोंडावर भाताचं बी टाकायचं. बोथट कोयतीनं दिवसभर ऐन तोडून बघावा. रात्री खांदा झोपू देत नाही.

कोयतीचं लोखंडही मोठ्या घरचं. लोहार त्यासाठी नवं पोलाद आणत नाही. जुन्या ट्रकचा कमानपाटा भट्टीत लाल करायचा, ठोकून आकार द्यायचा, पाणी द्यायचं. मुंबई-गोवा रस्ता महाडावरून, पोलादपुरावरून जातो, तेव्हा अशा पाट्यांना इथं तोटा नाही. त्या पोलादात अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. बराच कमी असता तर पाणी देऊनही पातं नरम राहिलं असतं. बराच जास्त असता तर लाकडाच्या गाठीवर घाव बसताच कपची उडाली असती. घाटात सामान वाहून थकलेलं लोखंड पुढं कोणाच्या तरी परसात फणस सोलत बसतं, हे मला आवडतं.

विळ्याचं मात्र पंचांगातलं पान दापोलीच्या कृषी विद्यापीठानं फाडलं. त्यांचा 'वैभव' विळा दातेरी आहे, हलका आहे, भात बुडख्याजवळून कापतो. त्याला दगडावर घासत नाहीत. पूर्वी भातकापणी आली की गावभर विळे पाजवल्याचा खर्र-खर्र आवाज असायचा, तो गेला. जाऊ दे. कापणीला वाकलेल्या बाईच्या मनगटाला जे सुखाचं, ते चांगलं.

आता विळी. ती घरात सर्वांत जास्त चालते आणि तिच्यासाठी दगड कधीच वेगळा नसतो. चातुर्मासात टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगीचा पाला. फोडशी तर अशी बारीक चिरावी लागते की पात्याची परीक्षाच. उन्हाळ्यात कोवळा फणस, ज्याचा चीक पात्याला धरून बसतो आणि तेलाचं बोट लावल्याशिवाय सुटत नाही. एवढं सगळं करून विळीची धार जाई तेव्हा बाई काय करी? पाट्याच्या कडेवर घासून घेई. मोरीच्या दगडावर घासून घेई. आणि सगळ्यांत हुशारीचं म्हणजे लोणच्याची चिनीमातीची बरणी उलटी करून तिच्या बुडावर. बरणीच्या बुडाच्या कडेला झिलई नसते. भाजलेली उघडी माती तिथं हाताला लागते, आणि ती लोखंडापेक्षा कडक असते. चहाच्या कपाच्या बुडालाही तशीच कडा असते. सुरीची मरगळलेली धार त्या कडेवर चांगली उठते. हे बायकांनी एकमेकींना सांगितलं. कुठल्या पुस्तकात शोधायला त्या गेल्या नाहीत.

पुरुष असत कुठं? मुंबईला. गिरणीत, गोदीत, कुणाच्या पेढीवर. फौजी आंबवड्यासारख्या गावात घरटी माणूस सैन्यात. गावात उरत बाया, म्हातारे, पोरं, आणि कोयतीसुद्धा बायांच्याच हाती येई. तरी धार लावणं हे बाप्याचं काम, ही समजूत काही हलली नाही. गणपतीला आलेला चाकरमानी दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसून विळीला धार लावायचा आणि घर भरून कौतुक व्हायचं. मग शिमग्याला पुन्हा. मधल्या सहा महिन्यांत तीच विळी बरणीच्या बुडावर किती वेळा फिरली, याची नोंद कुठंही नाही.

देवळाच्या पायऱ्यांच्या कडांना, विहिरीच्या काठावर, नदीच्या कातळावर जे बोटभर खोल चरे दिसतात, ते पाहुण्यांना मावळ्यांनी तलवारी पाजवल्याच्या खुणा म्हणून दाखवले जातात. असतीलही काही. पण तलवार अशी किती वेळा घासणार? विळे-कोयते पिढ्यान्‌पिढ्या, रोज. माझं मत त्या बाजूला पडतं. पराक्रमाच्या खात्यावर आपण बरीचशी भाजी जमा केली आहे.

दगडाचाही विचार केला पाहिजे. हा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. ज्या गारगोटीमुळे दगड पोलादाला खातो, ती या पाषाणात सुटे कण होऊन जवळपास नसतेच; पोकळ्यांत कुठं साचली तर तेवढीच. बाकीची खनिजं काठिण्यात कडक पोलादाच्या जवळपासची. म्हणजे पायरी आणि पातं तुल्यबळ. पायरी विळीला झिजवते आणि विळी पायरीला. नरम गावठी लोखंडाला हे चालून जातं. चांगल्या कडक सुरीला पायरी नुसती गुदगुल्या करते. इतर मुलखांचं नशीब चांगलं. अमेरिकेत अर्कान्सासचा नोव्हाक्युलाइट, बेल्जियमच्या आर्डेन डोंगरातला गार्नेटचे बारीक कण पोटात घेतलेला पिवळट कोटिक्युल, जपानात क्योटोच्या आसपासचा गाळाचा दगड, ज्याच्यावर तिथले सुतार जीव टाकतात. सह्याद्रीनं आम्हाला गांधारपाल्याची लेणी दिली, किल्ले दिले, पाटे-वरवंटे दिले; चांगला निसणा काही दिला नाही.

म्हणून मग बाहेरचा दगड. जुने शिकलगार कुरुंदाची पूड लाखेत कालवून तिची चाकं करत. 1891 साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरा करायला निघाला. माती आणि कोळशाची पूड विजेनं तापवताना हिरा मिळाला नाही, सिलिकॉन कार्बाइडचे चमकदार कण मिळाले. काठिण्यात ते कुरुंदाच्या पुढचे, हिऱ्याच्या अलीकडचे. त्यांनाच कार्बोरंडम म्हणतात. एका माणसाच्या फसलेल्या हिऱ्यावर आपण आज कांदा चिरायची सोय करतो.

सायकल स्टँडवर चढवून पायडल मारत धार लावणारा अजून कधीमधी आळीत येतो. ठिणग्या बघायला पोरं जमतात. त्याचा हात बसलेला असेल तर प्रश्न नाही. पण विजेच्या चाकावर पातं दाबून धरलं की कडा तापते, निळी पडते. ती निळाई म्हणजे पाणी उतरल्याची खूण: तीनशे अंशांच्या आसपास तापलं की लोहारानं दिलेला कडकपणा बराच निघून जातो, आणि मग त्या ठिकाणची धार आठवडाभरही टिकत नाही. हाताखालचा ओला दगड असलं काही करत नाही. त्याला वेळ लागतो, पण तो पात्याचा स्वभाव बिघडवत नाही. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या बायाही अशाच दारोदार यायच्या. दगड गुळगुळीत झाला म्हणून त्याला खरबरीत करायचं, लोखंड खरबरीत झालं म्हणून त्याला गुळगुळीत करायचं. स्वयंपाकघर या दोन विरुद्ध दुरुस्त्यांवर चालत होतं. मिक्सर आला आणि त्यातली एक संपली.

सुरीला धार लावताना दगड खाली असतो आणि पातं चालतं. दगड पाण्यात बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. खाली ओलं फडकं घालायचं, म्हणजे तो सरकत नाही. सगळी मेख कोनात आहे. पातं चार सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून एक सेंटिमीटर उचलावी, साधारण पंधरा अंश होतात. दीडच्या जरा आत ठेवली की वीस. आपल्याकडच्या सुऱ्यांना वीसच बरे, कारण आपण त्यांच्याकडून सुरणही चिरून घेतो. एकदा धरलेला कोन शेवटपर्यंत सोडायचा नाही. डगमगला की कड गोल होते आणि मेहनत पाण्यात. दगडावर राखाडी चिखल जमतो, तो घाईनं धुऊ नये, तोच अर्धं काम करतो. एका अंगानं घासत राहिलं की दुसऱ्या अंगाला लोखंडाची अगदी बारीक लव उलटते. दिसत नाही, पण अंगठा पात्यावरून बाहेरच्या दिशेनं आडवा फिरवला की बोटाला अडकते. ती मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागली म्हणजे या अंगाचं काम झालं. मग पातं उलटायचं. शेवटी मऊ बाजूवर हलक्या हातानं आळीपाळीनं फिरवून ती लव काढून टाकायची. पुष्कळ जण लवेलाच धार समजतात. असली सुरी पहिल्या टोमॅटोला झकास चालते आणि तिसऱ्याला रुसते.

विळीचं उलटं. तिचं पातं पाटावर ठाम उभं, वर बाक घेतलेलं. ते उचलून दगडावर ठेवताच येत नाही. तेव्हा दगडच हातात घ्यायचा, पाटावर नेहमीसारखा पाय ठेवून बसायचं आणि बाकाच्या कलानं दगड पुढं न्यायचा. भाजी चिरतानाही विळी हलत नाही, भाजीच तिच्याकडे जाते. धार लावतानाही तीच बसून राहते आणि दगड तिची सेवा करतो. घरात इतका मान आणखी कुठल्या लोखंडाला नाही, आणि तिच्यासाठी दगड मात्र वेगळा नाही! जिथं पातं जास्त चालतं तिथंच ते जास्त घासलं जातं, त्यामुळे जुन्या विळीचं पोट हळूहळू आत जातं. कोणाचं वरच्या बाकाशी, कोणाचं खाली पाटाजवळ. दुकानातल्या दोन विळ्या सारख्या दिसतील. दोन जावांनी वीस वर्षं वापरलेल्या दोन विळ्या कोणीही वेगळ्या ओळखेल.

22 जुलै 2021 चा पूर महाडात ज्यांनी काढला, त्यांच्यापुढे विळी-सुरीची गोष्ट करू नये. त्याच दिवशी तळियेवर दरड आली. तरी पुरानंतरच्या आठवड्यात रस्त्याकडेला गाद्या, फ्रीज, भिजलेलं धान्य, वह्या यांचे ढीग लागले होते, त्यांत कोयती-विळी फारशी दिसली नाही, हे सांगायला हरकत नसावी. लाकडी पाट फुगून वेडेवाकडे झाले होते, पाती तांबड्या गंजानं माखली होती. चिखलातून काढून राखेनं घासली, मग दगडावर. गंज वरवरचा असेल तर दगड तो खातो. एकच दगड चार घरांत फिरला. कोणाचा होता ते शेवटी कळलं नाही.

विळीचे नियम पुष्कळ आहेत. काम झालं की आडवी करून ठेवायची. ओलांडायची नाही. गरोदर बाईनं ग्रहणात तिला हात लावायचा नाही. खंडेनवमीला कोयती, कुदळीबरोबर तिलाही हळदकुंकू, आणि त्या दिवशी तिच्यावर काही चिरायचं नाही. तिच्या धारेला मिळणारी सरकारी सुट्टी म्हणजे ही एवढी. पण या सगळ्यांत मला महत्त्वाचा वाटणारा नियम देवाधर्माचा नाही. बोथट विळीशी महिनाभर झगडलेला हात दाबायला शिकलेला असतो. धार लावलेल्या विळीवर तो त्याच जोरानं भाजी रेटतो, भाजी मध्येच संपते आणि बोट पुढं असतं. म्हणून धार लावून झाली की दगड धुण्याआधी घरात मोठ्यानं ओरडायचं असतं:

"विळीला धार लावलीय गो, जपून!"

आणि दरवेळी आतून कोणीतरी हळदीचा डबा उघडत म्हणतंच, "आत्ता सांगतेस होय?"