साप जात पाहून चावत नाही, पण जमिनीवर कोण झोपतं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बौद्धपुऱ्यातली एक काकू गेली. भूमिहीन शेतमजूर. दिवसभर सोयाबीन निंदून आली आणि रात्री जमिनीवर सतरंजी टाकून झोपली. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठली. घरच्यांनी ओवा-मीठ दिलं. उजाडेपर्यंत पापण्या मिटायला लागल्या, बोलणं बोबडं झालं. तेव्हा कुठे कुणाच्या डोक्यात साप आला. मण्यार चावली की दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही बहुतेकदा दिसत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नव्हते. तिथून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला. व्हेंटिलेटर जिल्ह्यालाच होता. काकू रस्त्यातच संपली.

मधल्या अर्ध्या तासाबद्दल लिहायला आम्हाला लाज वाटते. गाडीची शोधाशोध सोडून सगळे काकूभोवती बसले होते. आमच्यातलेच एक ज्येष्ठ उपासक परित्राण पाठ म्हणत होते, तिच्या मनगटाला सूत बांधत होते. आम्ही तिथेच उभे होतो. अडवलं नाही.

मांत्रिकाला नावं ठेवण्यात आम्ही सर्वांत पुढे. साप दूध पीत नाही, हे नागपंचमीला सांगत फिरणारे आम्हीच. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे, हे आम्ही शाळाशाळांत वाचून दाखवतो. मंत्र पालीत असला म्हणजे कायदा बदलतो काय? भिक्खू सर्पदंशाने गेला तेव्हा भगवंतांनी चार नागकुळांविषयी मैत्रीभावना सांगितली, असं सुत्त आहे. ती सापाशी कसं वागावं याची शिकवण आहे, चावल्यानंतरचा उपचार नव्हे. निदान आम्ही तरी ती तशीच वाचतो.

पण इथेच थांबलो तर आम्ही त्या शहरी पुरोगाम्यांसारखे होऊ, ज्यांना गरिबाच्या प्रत्येक मरणात फक्त अंधश्रद्धा दिसते. गाडी वेळेवर निघाली असती तरी काकू जिथे पोचली असती तिथे काय होतं?

2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला 58 हजार. बहुतेक खेड्यातली. तरी जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत नीट जागा दिली ती 2017 मध्ये. दुर्लक्ष कुणी केलं आणि कुणाकडे केलं, हे सांगायला समाजशास्त्राची एमए लागत नाही. अनवाणी निंदणाऱ्याच्या, जळतण वेचणाऱ्याच्या आजारावर पैसा लावून कंपनीला मिळणार काय?

आज मिळणारी लस (प्रतिसर्पविषाला आपल्याकडे लसच म्हणतात) मुळात 1895 सालची पद्धत आहे. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं काढायची. आपली लस नाग, मण्यार, घोणस (आमच्याकडची परड) आणि फुरसे या चौघांवर चालते. त्यासाठीचं विष मुख्यतः येतं तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. सापाच्या कातड्यांचा धंदा बंद झाल्यावर 1978 मध्ये ती उभी राहिली. दोन इरुला सर्पमित्रांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. देशभरच्या लसीखाली आदिवासींचं ज्ञान आणि जोखीम आहे, हे किती डॉक्टरांना माहीत असेल?

अडचण वेगळीच आहे. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवून दिलंय. तामिळनाडूच्या विषावर बनलेली लस दुसऱ्या प्रांतातल्या सापांच्या विषापुढे कमी पडू शकते. म्हणून प्रदेशनिहाय लस हवी, ही मागणी आता आपल्या मोर्चातही यायला हवी.

नवं संशोधन खरंच चकित करणारं आहे. 2024 मध्ये याच संस्थेने अमेरिकी शास्त्रज्ञांसोबत प्रयोगशाळेत घडवलेलं, घोड्याशिवायचं प्रतिद्रव्य जाहीर केलं. 2025 मध्ये डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर आराखडा करून विषाला अडवणारी प्रथिनं बनवली. दोन्ही अजून उंदरांपर्यंतच आलीत, आणि दोन्ही नाग-मण्यार कुळातल्या एका प्रकारच्या विषद्रव्यांसाठी. घोणशीचं रक्त बिघडवणारं विष निराळं. आमचा जीव अडकलाय वारेस्प्लॅडिबमध्ये. हृदयविकारासाठी आणलेलं आणि तिथे नापास झालेलं हे औषध तोंडाने घेता येतं, आणि मण्यार, घोणस दोघींच्या विषातल्या एका मोठ्या घटकाला अडवतं. भारतात आणि अमेरिकेत रुग्णांवर चाचणी झाली, पण मुख्य कसोटीवर ते अजून उतरलेलं नाही. उद्या उतरलं तर आशाताईच्या पिशवीत ठेवता येईल असं काहीतरी हाती येईल. मण्यारीच्या विषाने नसांची टोकं एकदा बिघडली की लस ती जुळवून देत नाही, श्वास यंत्रावर चालू ठेवावा लागतो. म्हणून पहिला तास वस्तीतच हवा.

मेल्यानंतरचंही ऐका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास 2 लाख मिळतात, सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. काकू ज्याच्या शेतात निंदत होती तो मालक त्या योजनेत बसतो. काकू बसत नाही.

या जूनच्या आधी आम्ही आरोग्य केंद्राला लेखी विचारणार आहोत: लसीच्या बाटल्या किती? सुरुवातीलाच दहा लागतात. लसीची रिॲक्शन आली तर ॲड्रेनालिन आहे का? रक्त गोठतं का हे पाहायला वीस मिनिटं ठेवायची साधी काचेची नळी आहे का? हाताने श्वास द्यायची पिशवी आहे का, आणि ती दाबता कुणाला येते? वर्गणीतून मच्छरदाण्याही घेतोय. अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचली तर मण्यार आत येत नाही.

विहारातल्या बैठकीत आम्ही पाठाचा विषय काढला तेव्हा ते ज्येष्ठ उपासक उठून गेले. अजून बोलत नाहीत. अर्जावर त्यांची सही घ्यायला आम्ही रविवारी त्यांच्या घरी जाणार आहोत.